बिर्ला हाउसची वाट: वाचकांची पत्रं, आमची उत्तरं

मागच्या अंकात दिल्लीच्या ‘गांधी स्मृती’वर, म्हणजे गांधीजींची हत्या झाली त्या जुन्या बिर्ला हाउसवर, एक छोटी नोंद होती. त्यानंतर आलेल्या पत्रांमधले हे काही प्रश्न.

प्रश्न (विरार): रविवारी संध्याकाळी राजधानीने निघायचं, सोमवारी दिल्लीत गांधीजी आणि इंदिराजी दोघांची हत्येची ठिकाणं बघायची आणि मंगळवारी परत, असा बेत आहे. सोबत नऊ आणि तेरा वर्षांची मुलं आहेत. कोणत्या क्रमाने बघावं?

उत्तर: क्रमाचं नंतर बोलू, आधी तिकिटाचा दिवस बदला. गांधी स्मृती, राजघाटासमोरचं राष्ट्रीय गांधी संग्रहालय आणि सफदरजंग रोडवरचं इंदिरा गांधी स्मारक ही तिन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात. लाल किल्लाही त्याच दिवशी बंद. जोडसुट्टीला जाणारे मुंबईकर नेमके इथेच फसतात. सोमवारी संध्याकाळी निघा, म्हणजे मंगळवारी सकाळी पोचाल. मुंबई सेंट्रलची राजधानी एरवी सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला लागते, पण डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे तासन् तास उशीर होऊ शकतो. त्या दिवसांत पहिल्या सकाळचा भरवसा धरू नका.

नवी दिल्ली स्टेशनवरून मेट्रोची पिवळी लाइन घ्या आणि लोक कल्याण मार्गला उतरा. तिथून पुढे रिक्षा. रिक्षावाल्याला ‘गांधी म्युझियम’ सांगितलंत तर तो तुम्हाला राजघाटाला नेईल आणि त्यात त्याची चूक नसेल. ‘तीस जनवरी मार्ग, बिरला हाउस’ असंच सांगा. मोठ्या बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून निघा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. वेळ साधारण दहा ते पाच.

आता आतला क्रम. बहुतेक कुटुंबं आधी वरच्या मजल्यावरच्या मल्टिमीडिया प्रदर्शनात शिरतात. मुलं तिथली बटणं दाबण्यात रमतात आणि बागेत येईपर्यंत सगळ्यांचे पाय दुखायला लागलेले असतात. उलटं करा. आधी तळमजल्यावरची खोली बघा. 9 सप्टेंबर 1947 पासून शेवटचे 144 दिवस गांधीजी इथे राहिले आणि जानेवारीतलं शेवटचं उपोषणही त्यांनी इथेच केलं. जमिनीवरची गादी, बसकं लिहायचं मेज, काठी, चष्मा, चमचा-काटा-सुरी आणि अंग घासायचा एक खरबरीत दगड. साबणाऐवजी ते तो वापरत. हा दगड मुलांना नक्की दाखवा. एवढ्या मोठ्या बंगल्यातला एक माणूस कसा राहत होता ते त्यावरून लगेच कळतं.

खोलीतून बाहेर आलात की सिमेंटची उंचवट्याची पावलं सुरू होतात. ती त्यांच्या शेवटच्या चालण्याची वाट दाखवतात. 30 जानेवारी 1948, शुक्रवार. प्रार्थनेची वेळ पाचची. वल्लभभाई पटेलांशी बोलणं लांबलं, उशीर झाला, म्हणून ते हिरवळीवरून जवळच्या वाटेने झपाझप निघाले. एका बाजूला मनू, दुसऱ्या बाजूला आभा, या नात्यातल्या दोघी तरुणी, आणि दोघींच्या खांद्यांवर त्यांचे हात. नथुराम गोडसे पुढे आला आणि त्याने मनूला ढकललं. तिच्या हातातल्या वस्तू, जपमाळ, पिकदाणी, खाली पडल्या. ती वाकली तेवढ्यात बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या. वेळ नोंदली गेली ती 5 वाजून 17 मिनिटं. पावलं संपतात तिथे शहीद स्तंभ आहे.

त्या पावलांवर पाय न देता शेजारून चाला आणि मुलांना पुढे चालू द्या. ही वाट किती थोडक्यात संपते ते चालल्याशिवाय कळत नाही. काहीही समजावून सांगायचं ते स्तंभापाशी पोचायच्या आधी, खोलीच्या दाराशी सांगा. स्तंभापाशी बोलू नका.

वरचा मजला यानंतर, वेळ उरला तर. निघताना जगाच्या गोलातून उभे राहिल्यासारखे गांधीजी आणि शेजारी कबुतर धरलेली मुलगा-मुलगी, हे शिल्प बघा. ते राम सुतार यांचं, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या शिल्पकाराचं. सगळ्याला दीड-दोन तास पुरतात. जेवून मग इंदिरा गांधी स्मारक आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजघाट. तिन्ही एका दिवसात कोंबू नका. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत मुलांचं मन बधिर झालेलं असतं.

प्रश्न (बोरिवली): बिर्ला हाउस पूर्ण पाहिलं, पण रक्ताचे कपडे आणि गोळी कुठेच दिसली नाही. काढून टाकलं का? आणि राजघाटच्या फोटोत डाग तपकिरी दिसतात, लाल नाही. ते खरे आहेत ना?

उत्तर: काढलेलं नाही. जागा एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, अशी ही विभागणी पहिल्यापासून आहे. बिर्ला हाउस सरकारने 1971 साली विकत घेतलं आणि लोकांसाठी उघडलं 15 ऑगस्ट 1973 रोजी. वस्तूंचा संग्रह त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता, आणि तोही मुंबईत, हत्येनंतर लगेच. पुढे तो दिल्लीला गेला आणि बऱ्याच जागा बदलून 1961 साली राजघाटासमोर राष्ट्रीय गांधी संग्रहालयात स्थिरावला. अंगावरचं धोतर, शाल आणि एक गोळी तिथे आहे. तिथे जायला दिल्ली गेट मेट्रो सोयीची. रक्ताचा डाग असलेलं आणखी एक वस्त्र मदुराईच्या गांधी संग्रहालयात आहे, त्यामुळे कोणी ‘आम्ही तिकडे पाहिलं’ म्हणालं तर तेही खरं.

रंगाबद्दलची शंका रास्त आहे. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे असतो. त्यातल्या लोहाचं हवेत ऑक्सिडीकरण होतं आणि डाग आधी गडद, मग तपकिरी होतो. त्यात खादीचं सूत स्वतःच पिवळं पडत जातं. इतक्या वर्षांनी डाग लालभडक दिसला असता तरच संशय घ्यायला हवा होता. कापडाला सर्वांत जास्त त्रास उजेडाचा. म्हणून जगभरची संग्रहालयं जुन्या कापडावर 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच प्रकाश ठेवतात. दालन मंद वाटलं तर मिनिटभर डोळे सरावू द्या, आणि मोबाइलचा फ्लॅश व टॉर्च बंदच ठेवा.

प्रश्न (ठाणे): इंदिरा गांधी स्मारकात सहा वर्षांच्या मुलीला न्यावं का?

उत्तर: घर म्हणून जरूर न्या. पण तिथे 31 ऑक्टोबर 1984 रोजी नेसलेली साडी गोळ्यांच्या भोकांसह काचेत आहे, आणि श्रीपेरुंबुदूरला हत्या झाली तेव्हाचे राजीव गांधींचे कपडेही. दालनांमधली रांग पुढे सरकत राहते. मूल घाबरलं तर मागे फिरणं अवघड जातं. एक मोठं माणूस पुढे जाऊन बघून येऊ दे, मग ठरवा. बागेतली वाट मात्र तिला दाखवायला हरकत नाही. त्या सकाळी इंदिराजी घरातून शेजारच्या अकबर रोडच्या कार्यालयाकडे, ब्रिटिश अभिनेते पीटर उस्तिनोव यांना मुलाखत द्यायला निघाल्या होत्या. ती वाट स्फटिकाने मढवली आहे आणि त्या कोसळल्या ती जागा साध्या काचेखाली आहे. सुट्टीच्या दिवशी इथे बिर्ला हाउसपेक्षा खूप गर्दी असते, म्हणून मधला वार निवडा.

प्रश्न (दादर): मी शिक्षिका आहे. आठवीच्या चाळीस मुलांना दिल्लीला नेणं परवडत नाही. मुंबईत याच विषयाचं काही दाखवता येईल का? मलबार हिललाही बिर्ला हाउस आहे म्हणतात.

उत्तर: मलबार हिलच्या बिर्ला हाउसमध्ये गांधीजी राहत, पण हत्या तिथली नाही. हा घोळ मुलांच्या वहीत शिरायच्या आधीच निस्तरा.

गावदेवीच्या लॅबर्नम रोडवरचं मणिभवन न्यावं असं आहे. ग्रँट रोडला पश्चिमेला उतरून चालत जाता येतं. 1917 ते 1934 गांधीजींचा मुंबईतला मुक्काम इथे असे, आणि 4 जानेवारी 1932 च्या पहाटे याच घराच्या गच्चीवरून त्यांना अटक झाली. तळमजल्यावर ग्रंथालय आहे. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आणि बाहुल्यांच्या छोट्या देखाव्यांतून मांडलेलं चरित्र. घर राहायचं म्हणून बांधलेलं आहे, त्यामुळे चाळीस मुलं एकदम वर नेलीत तर मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतील. दहा-दहाचे गट करा, एक गट वर असताना बाकीचे खाली. आधी फोन करून वेळ ठरवा आणि जिना चढू न शकणारं कोणी असेल तर तेही तेव्हाच सांगा.

तिथून पुढे गिरगाव चौपाटी. 30 जानेवारी 2008 रोजी, हत्येला 60 वर्षं झाली त्या दिवशी, जपून ठेवलेला अस्थिकलश इथल्या समुद्रात विसर्जित झाला. दुबईच्या एका भारतीय व्यावसायिकाने तो मणिभवनाकडे पाठवला होता.

आणि तुमच्या शाळेच्या अगदी जवळची गोष्ट माटुंग्याची. 20 जानेवारी 1948 ला गांधीहत्येच्या कटातल्या मदनलाल पाहवाने बिर्ला हाउसच्या प्रार्थनासभेत स्फोट केला. रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन त्याला ओळखत होते. मदनलाल त्यांची पुस्तकं विकायचा आणि कटाबद्दल त्यांच्याशी बोलला होता. बातमी वाचून 21 जानेवारीला जैन मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले आणि सगळं सांगितलं. त्यानंतर नऊ दिवस हातात होते. ते कसे गेले याची चौकशी पुढे न्या. कपूर आयोगाने केली. आठवीच्या मुलांना हे समजतं. रुईयाच्या फाटकाबाहेर उभं करून सांगा, 20 ते 30 जानेवारीच्या तारखा फळ्यावर आधी लिहून ठेवा, आणि प्रत्येक तारखेला कोणाला काय माहीत होतं ते मुलांकडून भरून घ्या.

प्रश्न (चेंबूर): 30 जानेवारीलाच बिर्ला हाउसला जावं का?

उत्तर: त्या संध्याकाळी तिथे सर्वधर्म प्रार्थना असते, मोठे नेते येतात, बंदोबस्तात आत शिरणं कठीण. एरवी पाचला दार बंद होतं, म्हणजे 5.17 ची वेळ तिथे उभं राहून गाठता येत नाही. एखाद्या साध्या बुधवारी चारच्या सुमारास जा. पावलांच्या वाटेवर तेव्हा फारसं कोणी नसतं.