पायथन शिकताना साहित्य कुठे शोधायचं

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे आणखी कोर्स गोळा करू नका. एकच धरा आणि पुरा करा. निवडण्याआधी तो किती जुना आहे ते बघा: पायथन २ या जुन्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली, तरी त्यातले धडे अजून सापडतात. प्रिंट (print) या छापायच्या आज्ञेनंतर कंस नसेल तर तो धडा सोडून द्या.

खरा खजिना तुमच्याच मशीनवर आहे. पायथन सुरू करा, हेल्प (help) लिहा आणि अडलेल्या गोष्टीचं नाव कंसात द्या. समजा, नावांची लिस्ट सॉर्ट करून, म्हणजे क्रमाने लावून, उत्तर नव्या व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या जागेत) ठेवलं आणि छापल्यावर 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) आलं. इथे नवशिके हमखास अडकतात. हेल्पमध्ये लिस्टच्या सॉर्टच्या (list.sort) वर्णनाची पहिलीच ओळ सांगते की ते नन परत देतं. क्रम मूळ लिस्टमध्येच बदललेला असतो. नवी लिस्ट हवी असेल तर सॉर्टेड (sorted) वापरा. हेल्पमधून बाहेर यायला क्यू (q) दाबा.

एरर आली की आधी शेवटची ओळ वाचा, चूक कोणत्या प्रकारची आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. शोधताना तीच ओळ टाका, पण त्यातली तुमच्या फाइलची आणि व्हेरिएबलची नावं काढा, नाहीतर हाती काही लागत नाही. सापडलेला कोड पेस्ट करू नका हो! हाताने टाइप करा, एखादा आकडा बदला, काय मोडतं ते बघा.

पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचं ट्युटोरियल मोफत आहे. पानाच्या वर आवृत्ती निवडता येते. ती तुमच्या मशीनवरच्या आवृत्तीशी जुळवून घ्या. इंग्रजी जड वाटलं तर आधी उदाहरणं चालवा, मग परिच्छेद वाचा.