पन्नास हजार कोण देणार?

प्रश्न : तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात महिला मंडळातर्फे मुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालते. जागा ग्रामपंचायतीची. इन्व्हर्टर, टेबलं आणि देखरेखीला बसणाऱ्या मुलीचं मानधन मिळून वर्षाला पन्नासेक हजार लागतील. मंडळ धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं आहे, ‘८०जी’ (दात्याला करसवलत मिळवून देणारी आयकर खात्याची मान्यता) नाही. कंपन्यांना पत्रं पाठवली, उत्तर नाही. अमेरिकेतला भाचा म्हणतो, “इथे गावागावाचं फाउंडेशन असतं, ते असे पैसे देतं. तुमच्याकडे नसेल तर मीच पाठवतो.” काय करावं?
– सचिव, महिला मंडळ

उत्तर : ताई, आधी भाच्याचं बघू. त्याला पासपोर्ट कुठला ते विचारा. अजून भारतीय असेल, तर स्वतःच्या बचतीतले पैसे त्याने बँकेमार्फत खुशाल पाठवावेत. ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत तेवढी फायलीला लावा. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं ओळखपत्र) असूनही तो कायद्याच्या लेखी परदेशी. मग एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय त्याचा रुपयाही मंडळाने घ्यायचा नाही. ‘गावी आलो की रोख देतो’ म्हणाला तरी नाही. पूर्वी मोठ्या संस्था परदेशी निधीतले थोडे पैसे एफसीआरए असलेल्या लहान संस्थांना पुढे देत. २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद झालं.

भाचा सांगतो तसलं, म्हणजे ‘कम्युनिटी फाउंडेशन’, पहिल्यांदा १९१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला सुरू झालं. फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने पाहिलं, की दाते मरून जातात, त्यांच्या मृत्युपत्रांतल्या अटी जुन्या होतात आणि पैसा नुसता अडकून पडतो. त्याने असे निधी एकत्र आणले. रक्कम बँकांनी सांभाळायची आणि उत्पन्न कुणाला द्यायचं ते शहरातल्याच माणसांच्या समितीने ठरवायचं. मुंबईत १९९१ साली ‘बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट’ याच धर्तीवर निघाला. तालुक्यांत मात्र ही रीत रुजली नाही. आपला दाता देतो भरपूर, पण त्याला नावाची फरशी लागते.

कंपन्या गप्प का, तेही सांगते. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामाला द्यायचा, पैसा थेट घ्यायचा तर १ एप्रिल २०२१ पासून संस्थेला ‘सीएसआर-१’ नोंदणी लागते, आणि त्यासाठी १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) व ८०जी हवंच. शिवाय पन्नास हजारांना जेवढी कागदपत्रं, जवळपास तेवढीच पन्नास लाखांना. कंपनीतला माणूस कुठली फाईल उचलेल? तेव्हा १२ए-८०जीसाठी सीएंना आजच गाठा, पण त्यावर अडून राहू नका.

मी लहान अनुदानांच्या निवड समितीवर काम केलं आहे. तिथे कपाटं, टेबलं, संगणक झटकन मंजूर व्हायचे आणि मानधनाचा आकडा आला की सगळे चष्मे पुसायला लागायचे. मला हे कधी पटलं नाही. रोज कुलूप उघडणारी मुलगी नसेल तर टेबलांवर धूळच बसणार. म्हणून तुमची मागणी फोडा. टेबलं शिक्षकांच्या पतसंस्थेकडे मागा, इन्व्हर्टर बेदाण्याच्या अडत्यांकडे. त्यांची नावं लागू देत भिंतीवर, काही बिघडत नाही. मानधन मात्र गावातूनच उभं करा : दहा घरांनी दरमहा दोनशे दिले की महिन्याचे दोन हजार झाले. प्रत्येकाला पावती द्या. ८०जी मिळालं, की दोन हजारांवरची रोख देणगी दात्याला करसवलतीसाठी चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

अर्ज एका पानाचा करा. ‘महिला सक्षमीकरण’ वगैरे नको. संध्याकाळी सात वाजता किती मुली बसतात आणि वीज गेली की काय होतं, एवढंच लिहा. सोबत मंडळाचा ठराव, लेखापरीक्षित हिशेब आणि दोन दुकानांची कोटेशनं. इन्व्हर्टरच्या कोटेशनात बॅटरी धरलीय ना, ते बघून घ्या. पुष्कळदा धरलेली नसते.