५१२ जीबीचा लॅपटॉप घेतला पण ४७५ च दिसतात, दुकानदारानं फसवलं का?

नाही, फसवलेलं नाही, ५१२ च आहे, फक्त मोजायचं माप वेगळं आहे. एसएसडी म्हणजे लॅपटॉपची कोठी, फोटो, फायली, विंडोज सगळं तिच्यातच कायमचं राहतं. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज धरतं १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट, त्यामुळं तेवढाच माल मोठ्या मापानं मोजला की ४७७ च्या आसपास भरतो, आणि त्यातूनही थोडी जागा विंडोज दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवतं म्हणून सी ड्राइव्हवर अजून एखादा जीबी कमी दिसतो. मी परभणीत कॉम्प्युटर क्लासला शिकवतो, नवीन लॅपटॉप आणलेली पोरं पहिल्याच दिवशी हेच विचारतात आणि घरचे तर बिल घेऊन दुकानात भांडायला निघालेले असतात.

स्वतः बघायचं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप तिन्ही सोबत दाबा, टास्क मॅनेजर उघडंल, त्यात परफॉर्मन्समधी जा.
- डिस्क: हीच एसएसडी, ४७७ च्या जवळ पाहिजे
- मेमरी: ही रॅम, काम चालू असताना लागणारी परात, लॅपटॉप बंद केला की रिकामी. ८ जीबीतली थोडी ग्राफिक्सला जाते, तेही बरोबरच आहे

पण डिस्कपुढं २३८ दिसलं तर मात्र ती २५६ ची एसएसडी आहे, मग बिल घेऊन लगेच दुकान गाठा.