कॅटलॉगमध्ये 'पूर्ण' लिहिलंय? आधी पानाचा तळ बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं वर आलं. तुमचे आजोबा गोव्याच्या 'गोमन्तक' या मराठी दैनिकात लिहायचे, त्याच्या सुरुवातीच्या वर्षांचा इतिहास तुम्हाला लिहायचा आहे, आणि ग्रंथालय म्हणतंय, "फाइल (म्हणजे जुन्या अंकांचे बांधीव गठ्ठे) पूर्ण आहे, बसून बघा." अर्ज, ओळखपत्र वगैरे तुम्ही केलंच असणार, ते सोडते. मी ग्रंथपाल नाही, पत्रकारही नाही. हौसेनं जुनी वर्तमानपत्रं चाळणारी बाई, एवढं धरूनच पुढचं वाचा.

शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात प्रिंटलाइन असते: मुद्रक, प्रकाशक, संपादक, छापखान्याचा पत्ता. 1867च्या कायद्यामुळे ती छापणं भागच होतं. दैनिकाचा खरा इतिहास मला तिथे सापडतो. संपादक नेमका कुठल्या अंकापासून बदलला, छपाई कुठे हलली, हे वर्धापनदिनाच्या पुरवणीत कुणी धड सांगत नाही. तिथे सगळे एकमेकांना हार घालत असतात.

मी ज्या कार्यालयात जुने अंक चाळत बसत होते (नाव घेत नाही) तिथे कॅटलॉगमध्ये 'पूर्ण' असाच शेरा होता. फाइल समोर आली तर बाइंडरनं तिन्ही कडा अशा सपासप कापलेल्या की प्रिंटलाइनच्या अक्षरांची वरची टोकं तेवढी उरली होती. शिलाईकडचा कॉलम वेगळाच, अर्ध्या ओळी घडीत गडप. सुटे अंक मागितले तर बाइंडिंग झाल्यावर ते रद्दीत गेलेले. तिथले साहेब म्हणाले, "अहो, बातम्या तर आहेत ना सगळ्या?" यावर काय बोलणार! कंत्राट देताना 'तळाची कड कापू नये' एवढं एक वाक्य लिहायला काय पैसे पडतात? असो.

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या): एकाच फाइलवर विसंबू नका. पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय बघाच, शिवाय मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालयही. 1954च्या कायद्यानं देशातल्या ज्या चार ग्रंथालयांकडे प्रकाशकांनी प्रती पाठवायच्या, त्यांतलं ते एक. वर्तमानपत्रं त्यात 1956 साली आली. सगळे अंक तिथे पोचलेच असतील अशी खात्री मात्र मी देणार नाही.

दुसरं, नुसता 'गोमन्तक' वाचून 'गोमन्तक'चा इतिहास लिहू नका. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961ला, आणि बा. द. सातोस्करांच्या संपादकत्वाखाली हे दैनिक निघालं 24 मार्च 1962ला. पुढे ते गोव्याच्या महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूनं उभं राहिलं. समोर मडगावचं 'राष्ट्रमत', विलीनीकरणाच्या विरोधात, कोकणीच्या बाजूचं, पण छापलं जायचं मराठीतच! उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातलंच. 16 जानेवारी 1967च्या जनमत कौलाआधीचे या दोघांचे अंक एकाच टेबलावर उघडून बसा. त्या मतदानातली चिन्हं अशी: 'फूल' म्हणजे विलीनीकरण, 'दोन पानं' म्हणजे गोवा वेगळा केंद्रशासित संघप्रदेश. दोन पानांना 1,72,191 मतं, फुलाला 1,38,170. निकालानंतर अग्रलेखांचा सूर कसा बदलतो तेही बघा. माझ्या मते तुमच्या लेखाचा गाभा तिथेच आहे. हे वाचून कुणी विलीनीकरणवादी रागावले तर रागावोत.

जाता जाता: सभेची बातमी सभेच्या तारखेच्या अंकात शोधू नका, दुसऱ्या दिवसापासून पुढे चाळा, गावाकडची असेल तर आणखी चार दिवस. फोटो काढताना आधी अख्खं पान घ्या, मग कात्रण. नाहीतर घरी आल्यावर तारीख कुठली ते कळत नाही. आणि आजोबांचं नाव सापडलं नाही तर लगेच हिरमुसू नका. त्या काळी टोपणनावानं किंवा नुसतं 'एक वाचक, म्हापसे' अशा सहीनं लिहिणारे पुष्कळ होते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला विचारा, तिला टोपणनाव माहीत असण्याचा संभव ग्रंथपालापेक्षा जास्त.