वाचकांचे प्रश्न : शिशाचा धूर की शिशाची धूळ?

प्रश्न : मला गळाने मासे धरण्याचा छंद आहे. गळाच्या दोरीला लावायची शिशाची वजने स्वतःच ओतावीत, असा विचार आहे. जुन्या नळांचे तुकडे, छपराचे पत्रे आणि मोटारींच्या चाकांवरची काही वजने असे पंधरा-वीस किलो भंगार माझ्याकडे जमले आहे. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर, खिडक्या उघड्या ठेवून आणि तोंडाला कापडी मास्क बांधून हे काम केले, तर शिशाच्या वाफेपासून पुरेसे संरक्षण मिळेल का?
— एक वाचक

उत्तर : स्वयंपाकघरात हे काम करू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. मात्र त्याचे मुख्य कारण आपण समजता त्याहून वेगळे आहे. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते आणि १७४९ अंशांना उकळते. ओतकामासाठी साधारण ३५० ते ४०० अंश पुरतात आणि तेवढ्या तापमानाला शिशाची वाफ अगदीच थोडी होते. तापमान ५०० अंशांच्या पुढे गेले की वाफेचा प्रश्न खरोखर गंभीर होऊ लागतो. म्हणूनच अंदाजावर विसंबून न राहता उच्च तापमान मोजणारा तापमापक वापरावा. भांड्याचा तळ किंवा आतला रस लालसर दिसू लागला, तर मर्यादा केव्हाच ओलांडली आहे असे समजून शेगडी बंद करावी.

खरा धोका रसाच्या पृष्ठभागावर तयार होतो. वितळलेल्या शिशाचा हवेशी संयोग होऊन त्यावर राखाडी-पिवळसर मळी धरते. ही मळी म्हणजे बहुतांशी शिशाचे ऑक्साइड. ती पळीने काढताना, डब्यात झटकताना, साचा उघडताना तिची बारीक धूळ उडते आणि हातांवर, बाह्यांवर, ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर बसते. तिला वास नसतो आणि ती डोळ्यांनाही खुपत नाही. तिथून ती अन्नाबरोबर किंवा ओठांना लागलेल्या बोटांबरोबर पोटात जाते, काही प्रमाणात श्वासातूनही जाते. उघड्या खिडकीने खोलीतली हवा बदलते, पण ओट्यावर बसलेली धूळ उचलली जात नाही. ज्या जागी रोज कणीक मळली जाते, तिथे असे काम का नको, हे यावरून लक्षात यावे.

कापडी मास्क इतक्या बारीक कणांना अडवत नाही. त्याऐवजी चेहऱ्याला घट्ट बसणारा, रबरी कडांचा, बदलता येणारे गाळक असलेला अर्धमुखी श्वसनरक्षक घ्यावा आणि त्याला पी-१०० किंवा पी-३ दर्जाचे कणगाळक लावावेत. दाढी असल्यास कडा नीट टेकत नाहीत आणि उत्तम गाळकाचाही उपयोग होत नाही. तरीही श्वसनरक्षक ही शेवटची फळी मानावी. पहिली फळी जागेची असते. काम घराबाहेर, वारा पाठीवर घेऊन आणि पाऊस अंगावर येणार नाही अशा आडोशाला करावे.

पावसाचा उल्लेख सहज केलेला नाही. शिशाची धूळ वर्षानुवर्षांनी त्रास देते, पाणी मात्र त्याच क्षणी घात करते. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १७०० पट वाढते. रसाच्या पृष्ठभागावर पडलेला एखादा थेंब बहुधा चरचरून उडून जातो. तोच थेंब रसाखाली गेला, तर वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि संपूर्ण भांड्यातले शिसे कारंज्यासारखे वर फेकले जाते. आपल्या भंगारातले नळ याच कारणाने सर्वांत धोकादायक आहेत. नळाचे टोक चेपलेले असले की आत महिनोन्‌महिने पाणी अडकून राहू शकते. पत्र्यांच्या घड्यांतही ओल टिकते. प्रत्येक नळ लांबीने चिरून उघडावा, घड्या उलगडाव्यात आणि सगळे भंगार वाळवूनच वापरावे. एवढे करूनही विश्वास ठेवू नये. थंड भांड्यात थंड भंगार भरून मगच आच द्यावी, म्हणजे शिसे वितळण्यापूर्वी उरलीसुरली ओल निघून जाते. रस तयार झाल्यावर त्यात नवा तुकडा टाकण्याचा मोह अनेकांना होतो, आणि बहुतेक अपघात तिथेच घडतात. भर घालायचीच असेल, तर भांडे रिकामे करून, थंड होऊ देऊन पुन्हा भरावे. त्यात अर्धा तास जाईल, तो जाऊ द्यावा. पळी, मळी काढायचा झारा आणि साचा हेही आधी तापवून घ्यावेत, कारण थंड धातूवर हवेतला दमटपणा धरतो. पाण्याची बाटली कामाच्या जागेपासून दूर ठेवावी आणि कपाळावरचा घाम भांड्यावर वाकून पुसू नये.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. भांड्यातच गोठलेले शिसे पुन्हा तापवताना तळ आधी वितळतो, वरचे कवच मात्र घट्ट राहते. खालचा रस प्रसरण पावतो आणि कवचातून जोराने उसळू शकतो. म्हणून काम संपवताना उरलेला रस लहान लाद्यांच्या रूपात ओतून भांडे रिकामे करावे.

भांडे बिडाचे किंवा जाड पोलादाचे असावे. अॅल्युमिनियमचे भांडे तापल्यावर नरम पडते, त्यामुळे ते वर्ज्य. एक लिटर शिशाचे वजन ११ किलोहून अधिक भरते, हे लक्षात घेऊन भांडे निम्म्याहून जास्त भरू नये आणि शेगडीची बैठक रुंद व भक्कम असावी. या कामाला एकदा वापरलेले भांडे, पळी आणि झारा पुन्हा स्वयंपाकात आणता येत नाहीत; कितीही घासले तरी नाही. अंगात जाड सुती कपडे, पूर्ण बाह्या, चामडी हातमोजे आणि चामडी बूट असावेत. पँटचे पाय बुटांच्या बाहेरून सोडावेत, आत खोचू नयेत, नाहीतर उडालेला थेंब थेट बुटात उतरतो. कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून कातडीला चिकटतात, म्हणून ते टाळावेत. डोळ्यांना बंद कडांचा चष्मा आणि त्यावर पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल, अशी दोन्ही साधने हवीत.

चाकांवरच्या वजनांबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. ती सगळीच शिशाची नसतात. अलीकडे जस्ताची आणि पोलादाची वजनेही वापरतात. शिशाचे वजन नखाने किंवा चाकूने सहज ओरखडते, जस्ताचे तसे ओरखडत नाही. जस्त ४१९ अंशांच्या पुढे वितळते, तेव्हा रस ४०० अंशांच्या आत ठेवला तर नजरेतून सुटलेले जस्ताचे तुकडे वर तरंगतात आणि झाऱ्याने काढता येतात. या वजनांवर वंगण, रबर आणि चिकटपट्टी असते. ती जळताना बराच धूर आणि कधी ज्वाळाही निघतात. अशा वेळी भांड्यावर पोलादी झाकण ठेवून शेगडी बंद करावी. पाणी मारू नये. झाकण आधीपासून हाताशी हवे, शोधायला वेळ मिळत नाही. पत्र्यांवर जुना रंग असेल, तर ते तुकडे बाजूलाच काढावेत. त्या रंगातही शिसे असू शकते आणि रंग खरवडल्याने आणखी धूळ होते.

काम संपल्यावर खाण्यापिण्याला, विडी-सिगारेटला किंवा मोबाइलला हात लावण्यापूर्वी साबणाने हात आणि चेहरा धुवावा, मग आंघोळ करावी. जागा झाडूने झाडू नये आणि साध्या व्हॅक्यूम क्लीनरनेही साफ करू नये, कारण दोन्हींमुळे धूळ पुन्हा हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसून ती फडकी वेगळ्या पिशवीत बांधावीत. कामाचे कपडे आणि बूट घरात आणू नयेत. इतका खटाटोप नकोसा वाटत असेल, तर तयार वजने विकत घेणे हा कमीपणा नव्हे. कथील, पोलाद किंवा बिस्मथ यांची वजनेही मिळतात आणि मासा धातू पाहून गळाला लागत नाही.

प्रश्न : माझे पती घराच्या मागच्या बाजूला शिशाचे ओतकाम करतात. त्यांचे कपडे मी सगळ्यांच्या कपड्यांबरोबर धुते. आमची मुलगी दोन वर्षांची आहे आणि मला पाचवा महिना चालू आहे. कोणालाच काही त्रास नाही, तरी काळजी वाटते.
— एक वाचिका

उत्तर : आपली काळजी योग्य आहे. त्रास जाणवत नाही याचा अर्थ शिसे शरीरात गेलेले नाही, असा होत नाही. पोटदुखी, बद्धकोष्ठ, थकवा, चिडचिड ही लक्षणे उशिरा येतात आणि आली तरी इतर शंभर कारणांशी जुळतात. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शरीरात शोषला जातो, लहान मुलांत मात्र जवळपास निम्मा. दोन वर्षांचे मूल जमिनीवर खेळते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते, त्यामुळे बापाच्या कपड्यांवरून व बुटांवरून घरात आलेल्या धुळीचा मोठा वाटा त्याच्याच पोटात जातो. गर्भावस्थेत शिसे वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते. शिवाय पूर्वी हाडांत साठलेले शिसेही या काळात पुन्हा रक्तात उतरते. हाडांत ते दशकानुदशके राहू शकते.

आपण तिघांनीही रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी आणि आपल्या प्रसूतितज्ज्ञांना घरातल्या या कामाबद्दल आवर्जून सांगावे. विचारल्याशिवाय हे त्यांच्या लक्षात येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रति डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून संपर्क थांबवावा. त्याखालची पातळी निर्धोक आहे, असा मात्र याचा अर्थ नाही, कारण निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीच पातळी ज्ञात नाही. आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असले तर शिसे कमी शोषले जाते, पण त्या भरवशावर संपर्क चालू ठेवता येत नाही. शरीरातले शिसे बाहेर काढण्याची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत.

माझे मत विचाराल, तर घरात लहान मूल आणि गर्भवती असताना हे काम घराच्या आवारात चालूच ठेवू नये. कपडे वेगळे धुवा, असे सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो, पण तेवढ्याने भागत नाही. जोवर काम थांबत नाही, तोवर कपडे पतींनीच वेगळे धुवावेत आणि ते आपण झटकूही नयेत. (मुलगी मोठ्या भावंडांची शिसपेन्सिल चघळत असेल, तर मात्र या कारणाने घाबरू नये. नावात शिसे असले तरी आत ग्रॅफाइट असते.)

प्रश्न : मोटारीची जुनी बॅटरी फोडून त्यातले शिसे काढता येईल का?
— एक वाचक

उत्तर : नाही. बॅटरीत गंधकाम्ल असते आणि तिच्या पट्ट्यांवर धातूपेक्षा शिशाच्या संयुगांचा चुराच जास्त असतो. पट्ट्यांच्या मिश्रधातूत अँटिमनी, आर्सेनिक किंवा कॅल्शियम असू शकते. अशा मिश्रणाची मळी ओली झाली, तर त्यातून आर्साइन आणि स्टिबाइन हे अतिशय विषारी वायू सुटू शकतात. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ बालके दगावली. तिथे जुन्या बॅटऱ्यांमधले शिसे उघड्यावर काढले जात होते आणि शिसे मिसळलेली माती चाळण्यासाठी घरात आणली जात होती. बॅटरी न फोडता अधिकृत पुनर्वापर केंद्रात द्यावी.

प्रश्न : वितळलेले शिसे अंगावर उडाले, तर लगेच काय करावे?
— एक वाचक

उत्तर : भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. पाणी भांड्याचा शत्रू असले तरी भाजलेल्या कातडीचा तोच पहिला उपचार आहे, फक्त त्यासाठी भांड्यापासून दूर जावे. त्वचेला चिकटलेला धातू ओढून काढू नये, फोड फोडू नयेत, तेल, टूथपेस्ट असे काहीही लावू नये. अंगठी, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. डोळ्यात काही गेले असल्यास डोळा पाण्याने धूत राहावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

प्रश्न : काढलेली मळी बागेत पुरली तर चालेल का? अखेर ती माती-राखेसारखीच दिसते.
— एक वाचक

उत्तर : चालणार नाही. शिसे मातीत विघटित होत नाही. त्या जागी भाजी लावली, मुले खेळली किंवा कोंबड्यांनी माती उकरली, तर तेच शिसे परत घरात येते. मळी थंड आणि कोरडी असताना, वाऱ्यात न झटकता, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावी. डब्यावर "शिशाची मळी, विषारी" असे ठळक लिहून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. डबा भरला की घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात किंवा शिशाचा पुनर्वापर करणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावा. वापरलेली फडकी आणि गाळकही त्याच केंद्रात द्यावेत.