तुला तिथे कोण थांबवू शकतं?

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला आणि तिसऱ्यांदा माझ्याच वीस वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळपाशी येऊन अडकलो. म्हणून उत्तराला उशीर झाला.

वस्ती हटवण्याच्या विरोधातला तुमचा कार्यक्रम. तू गळा आणि लॅपटॉप सांभाळत होतीस, तुझा जोडीदार मागच्या भिंतीवर चित्रं टाकत होता. सगळं तिथल्या तिथे सुचेल तसं, आधी काहीच बांधलेलं नाही. विसाव्या मिनिटाला एक म्हातारे गृहस्थ उठले, तुझ्यासमोरचा माइक काढून घेतला आणि अकरा मिनिटं बोलत राहिले. तुझा सूर तुटला. चित्रं आवाजावर हलणारी, त्यामुळे त्यांच्या बोलण्यावर ती वेडीवाकडी नाचायला लागली आणि जोडीदाराने चिडून प्रोजेक्टरच बंद केला. आणि तू विचारतेस, "काका, माझं काय चुकलं?"

सांगतो. चार पानी पत्रात तू माइकचा गेन, म्हणजे तो आवाज किती ओढत होता ते लिहिलायस, फीडबॅकची शिट्टी कुठून आली ते लिहिलंयस, लॅपटॉप आवाज किती उशिरा परत देत होता तेही लिहिलंयस. अकरा मिनिटं घड्याळ लावून मोजलीस. ते गृहस्थ काय बोलले याचं एक वाक्य नाही.

चुकलं असेल तर तेवढंच. बाकी ती संध्याकाळ फसलेली नाही. तू आजवर केलेल्या कार्यक्रमांत खरा झालेला हा एकच असावा, असं मला वाटतं आणि त्याचंच तुला रडू येतंय.

अन्यायाविरुद्ध उभं राहावं, कलेने तोंड लपवू नये, हे मी तुला सांगायला नको. ते तुझं माझ्याइतकंच पक्कं आहे. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. कार्यक्रमाला उभं राहण्याआधी स्वतःला विचार: मला इथे कोण थांबवू शकतं? ज्यांच्या दुःखावर तू गाणार आहेस, त्यांच्यापैकी कोणाला तुला मध्येच थांबवता येत नसेल, तर घरी बस. रियाज कर. पण त्याला चळवळ म्हणू नकोस.

उपज, म्हणजे तिथल्या तिथे सुचेल तसं गाणं-वाजवणं, ही कलाकाराला वाटेल तिकडे जाण्याची मोकळीक, असं आपण शिकतो. ती आहेच. पण चळवळीच्या दृष्टीने तिची किंमत वेगळ्या ठिकाणी आहे. उपजेत पुढची ओळ अजून ठरलेली नसते, म्हणून ती दुसऱ्याला बदलता येते. बांधून ठेवलेल्या गाण्याला आणि तयार फिल्मला ही सोय नाही. स्पेनमध्ये एप्रिल २०१५ मध्ये माद्रिदच्या संसदेसमोर होलोग्रामचा मोर्चा निघाला होता. निदर्शनांवर जबर दंड लावणारा कायदा येत होता, तर लोकांनी आपले चेहरे आणि घोषणा आधी पाठवल्या आणि त्या रात्री प्रकाशाची माणसं रस्त्यावरून चालली. देखणी, धीट कल्पना, तिला नावं ठेवायची माझी छाती नाही. कायदा त्याच वर्षी जुलैत लागू झालाच, पण तो दोष त्या कल्पनेचा नव्हे. मला खटकतं ते एवढंच की त्या प्रकाशाच्या माणसांना कोणी आडवं जाऊन काही विचारलं असतं, तर ती तशीच पुढे चालत राहिली असती. तू जिवंत उभी होतीस. तुला आडवं जाता आलं. हा फरक लहान समजू नकोस.

ब्राझीलचे नाटककार आगुस्तो बोआल यांचं उदाहरण मी येईल त्याला ऐकवतो. ऐन तरुणपणी ते आणि त्यांचे नट शेतकऱ्यांपुढे बंदुका उंचावून गायचे: जमिनीसाठी रक्त सांडा. एकदा विर्जिलिओ नावाचा शेतकरी पुढे आला आणि म्हणाला, चला, जमीनदाराच्या माणसांना हुसकावून लावू. बंदुका नाटकातल्या, खोट्या आहेत हे सांगायची वेळ आली. बंदुका आम्ही देतो, तो म्हणाला, तुम्ही फक्त या. आम्ही खरे कलावंत आहोत हो, खरे शेतकरी नाही, असं यांना कबूल करावं लागलं. मग त्याने जे सुनावलं त्याचा अर्थ असा, की म्हणजे तुम्ही सांडायला सांगता ते रक्त आमचं, तुमचं नव्हे. पुढे १९७३ च्या सुमारास पेरूमध्ये एक बाई नाटकातली उत्तरं ऐकून ऐकून वैतागली. ती सांगत होती तसं नटांना काही जमेना, शेवटी तीच रंगमंचावर चढली आणि काय करायला हवं ते करून दाखवलं. बोआल यांच्या फोरम थिएटरची सुरुवात तिथे झाली. प्रेक्षकाने नाटक थांबवायचं आणि स्वतः आत यायचं, हाच त्याचा नियम झाला.

तुझ्याकडे अगदी हेच घडलं आणि तुझा जोडीदार प्रोजेक्टर बंद करून बसला!

आता माझं सांगतो. हे मी फार कमी जणांना सांगितलंय.

धरणासाठी उठवलेल्या गावांवर आम्ही एक कार्यक्रम बसवला होता. बसवला म्हणजे आराखडा फक्त. मी व्हायोलिन वाजवणार, पायाखाली लूपचं पेडल, म्हणजे दाबलं की आवाज टिपून तोच पुन्हा पुन्हा वाजवणारं, मागे पडद्यावर एका बाईंच्या मुलाखतीचे तुकडे. त्यांच्यासमोर दोन दिवस बसून ती मुलाखत मीच घेतली होती आणि कार्यक्रमाला आग्रहाने बोलावलंही मीच होतं. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या. मुलाखतीत एके ठिकाणी बोलता बोलता त्यांचा आवाज फुटतो आणि त्या पदराने तोंड झाकतात. ती जागा मी पडद्यावर परत परत आणवत होतो, कारण तिथे माझा कोमल धैवत विलक्षण लागत होता. चौथ्या की पाचव्या वेळी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बास." ओरडल्या नाहीत. सभागृहाचा आवाज घ्यायला लावलेल्या माइकने तो शब्द उचलला आणि स्पीकरमधून माझ्यापर्यंत आला.

मी पेडल दाबलं. तो शब्द लूपमध्ये घेतला. बास, बास, बास. त्याच्याखाली खर्जातला षड्ज धरला आणि वर व्हायोलिन सोडलं. लोक अक्षरशः थरारले. संपल्यावर सगळं सभागृह उभं राहिलं. दिवे लागले तेव्हा ती खुर्ची रिकामी होती.

दोन महिन्यांनी मी निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. ते यायलाच हवं होतं असं मला कधी वाटलं नाही.

त्या कार्यक्रमामुळे गावांचा प्रश्न चार लोकांपुढे गेला, हे मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिलो. खोटं नव्हतं ते. एरवी ढुंकूनही न बघणारी माणसं त्या रात्री दीड तास बसली होती. मी त्या गावांतून फिरलो होतो, पावसाळाभर राहिलो होतो, मला कोणी उपरा म्हणू शकत नव्हतं. हे सगळं खरंच आहे गं. पण मला थांबवायला एकच माणूस उभा राहिला आणि मी त्याचा ठेका केला. त्यापुढे बाकीचं सगळं मला तोकडं पडतं.

तेव्हापासून मी हट्टी झालो. एका महोत्सवाने माझ्याशी ठरलेला कार्यक्रम रद्द केला, कारण लोकांनी मध्ये बोलायचं नाही ही अट मी मानली नाही. दोन चांगले साथीदार गेले. सतत कोणी अडवणार असेल तर वाजवायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही बरोबर असेल. मी मात्र बदललो नाही.

अडवण्यातूनही संगीत होतं, हे तुझ्या जोडीदाराला दाखवून दे. अमेरिकेतले संगीतकार बुच मॉरिस यांनी १९८५ मध्ये न्यूयॉर्कला हाताच्या खुणांनी आणि छडीने वादकांना चालवून पहिलं 'कंडक्शन' केलं आणि त्याचा विषयच अमेरिकेतला वर्णद्वेष होता. खूण झाली की वादकाने हे धरायचं, ते सोडायचं, परत फिरायचं. तिथलेच संगीतकार जॉन झॉर्न यांनी त्याच्या आदल्याच वर्षी 'कोब्रा' रचलं. त्यात पुढे काय व्हावं हे वादकच खुणेने मागतात आणि समोरचा माणूस खुणेचं कार्ड उंचावून ते सगळ्यांना कळवतो. तू एक पाऊल पुढे जा. खुणा श्रोत्यांना शिकव. तीनच पुरेत: थांब, परत, हळू. पाच मिनिटं लागतात. मुलं सगळ्यात लवकर शिकतात आणि पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ घालतात. घालू दे.

आणि यंत्रं वाईट, असं माझं मुळीच म्हणणं नाही. इमारतींवर चित्रं टाकणारे कलावंत क्षिश्तॉफ वोदिच्को यांनी २००१ मध्ये मेक्सिकोतल्या तिहुआना इथे तिथल्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांच्या डोक्यावर कॅमेरा आणि माइक बसवलेलं एक उपकरण चढवलं. त्या चौकात उभ्या राहून बोलल्या, मारहाणीबद्दल, अत्याचाराबद्दल आणि त्यांचे चेहरे तिथल्या सांस्कृतिक केंद्राच्या प्रचंड घुमटावर त्याच क्षणी उमटले. चेहरा तेवढाच मोठा जेवढा मी त्या बाईंचा केला होता, किंबहुना कितीतरी मोठा. फरक कळतोय ना? तिहुआनात बोलणं थांबवणं बोलणारीच्या हातात होतं. माझ्याकडे ते माझ्या पायाखाली होतं.

म्हणून मी एक वस्तू करून घेतली आहे. साधं पायाने दाबायचं बटण, पंधरा मीटर वायर. ते माझ्याजवळ नसतं. ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्यातल्या एकाच्या मांडीवर किंवा पायाशी असतं. दाबलं की सगळा आवाज तीन सेकंदांत विरतो. झटक्यात तोडायचा नाही, स्पीकरमधून टक्कन आवाज येतो आणि बिचारा दाबणाराच दचकतो. चित्र जातं, पण पडदा काळा करायचा नाही, पांढरा करायचा. हे मला दोन वर्षांनी कळलं. अंधार झाला की लोकांना वाटतं संपलं आणि टाळ्या पडतात. पांढऱ्या उजेडात सगळ्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात, कोणीतरी दाबलंय हे कळतं आणि मग कोणाला तरी बोलावंच लागतं. काही कार्यक्रमांत ते बटण कोणीही दाबत नाही. चालतं. ते तिथे आहे हे मला माहीत असतं आणि माझा हात वेगळा चालतो.

तू विचारलंस, हे असलं आडमुठं संगीत सोडून लोकांना पाठ असलेली गाणीच म्हणू का? इंग्लंडचे संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू यांना हाच प्रश्न पडला होता. लंडनमध्ये १९६९ मध्ये त्यांनी शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांना घेऊन स्क्रॅच ऑर्केस्ट्रा उभा केला आणि थोड्याच वर्षांत हे प्रयोगशील संगीत कष्टकऱ्यांच्या कामाचं नाही म्हणून ते सोडून देऊन क्रांतीची साधी गाणी रचायला बसले. त्यांच्या प्रामाणिकपणापुढे मी मान झुकवतो. पण माझ्या मते प्रश्नच चुकीच्या जागी धरला. गाणं सोपं की अवघड, शब्द आहेत की नाहीत, याने काही ठरत नाही. जॅझवादक मॅक्स रोच यांच्या ड्रम्सवर १९६० मध्ये गायिका ॲबी लिंकन एकही शब्द न उच्चारता किंचाळल्या, ते कोणाला कळलं नाही असं झालं नाही. सोप्या गाण्यानेही माणसाचं तोंड बंद करता येतं, मोठमोठ्या सभांमधून आपण ते बघतोच. तेव्हा पुन्हा तेच विचारतो: सोपं गाताना तुला कोण थांबवू शकतं?

पैसे देणारे आधी संहिता मागताहेत म्हणालीस. एक पान लिहून दे, त्यात खुणा आणि बटण दोन्ही लिही. नाही म्हणाले तर जाऊ नकोस. याच्यावर माझ्याशी वाद घालू नकोस, मला माहीत आहे तुला पैशांची गरज आहे.

जोडीदाराशी भांडण मिटव. चित्रं त्या आजोबांच्या आवाजावर हलत होती, यात त्याचं काय बिघडलं होतं? त्याला म्हणावं, प्रोजेक्टर चालू राहिला असता तर काय दिसलं असतं त्याचा विचार कर.

आणि या आठवड्यात त्या आजोबांकडे जा. वाद्य नेऊ नकोस, फोनवर काही टिपून घेऊ नकोस. ते उठले तेव्हा नेमका तुझा कोणता आवाज चालू होता, ते विचार. मग ती अकरा मिनिटं त्यांच्याकडून परत ऐक आणि मला लिही. पत्र लांबलं तरी चालेल.

तुझा,
काका