‘ओळखी वाढवू नकोस’ हे आधी मागे घ्या

हिंगोली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतले एक शिक्षक लिहितात:

‘मुलगा भूगोल घेऊन बी.ए. झाला, ७१ टक्के. प्रवेशपरीक्षा देऊन पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात एम.ए.ला लागला. एम.ए. हे निमित्त आहे, खरं काम राज्यसेवेचं. म्हणून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतली, अभ्यासिका लावली, क्लासचा पहिला हप्ता भरला. विभागात हजेरीपुरतं जा, तिथे कुणाशी ओळखी वाढवू नकोस, रात्री नऊला अभ्यासिकेतून व्हिडिओ कॉल कर, असं बजावलं आहे. तो मात्र ‘कमवा व शिका’चा अर्ज करू का, मुलांबरोबर ट्रेकला जाऊ का, असं विचारतो. पैसे पाठवायला मी समर्थ आहे. दीड महिन्यात त्याचं बोलणंही कमी झालं आहे. या दोन वर्षांचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा?’

गुरुजी, नमस्कार.

मुलाच्या गुणांची मला चिंता नाही, विषयाची नाही आणि राज्यसेवेच्या इच्छेचीही नाही. पत्रातली दोन वाक्यं मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘कुणाशी ओळखी वाढवू नकोस’ हे एक. आणि चार ओळींनंतर, ‘त्याचं बोलणं कमी झालं आहे’. तुम्ही ही दोन वाक्यं वेगवेगळी लिहिलीत. मला त्यांत कारण आणि परिणाम दिसतो.

त्याचा दिवस एकदा डोळ्यांसमोर आणा. पहिल्यांदाच घर सोडलेला मुलगा विभागात वर्गमित्रांपासून अंग चोरून बसतो. तास संपला की बस धरून पेठेत येतो. अभ्यासिकेत बोलायला बंदीच असते, तिथे तो रात्रीपर्यंत मान खाली घालून असतो. मग अनोळखी मुलांनी भरलेल्या खोलीतल्या कॉटवर झोपतो. दिवसभरात त्याला नावाने हाक मारणारं कोण? मेसवाले काका आणि नऊ वाजता तुम्ही. तुमचा फोन घ्यायला त्याला रोज जागेवरून उठून जिन्यात यावं लागतं, आणि तिथे तुम्ही विचारता, आज किती झालं. तो पानांचा आकडा सांगतो. गुरुजी, ही हजेरी झाली, बोलणं नाही. तुमच्या वर्गातलं एखादं मूल असं अचानक गप्प झालं असतं, तर तुम्ही त्याला जवळ बसवून घेतलं असतं. पाढे म्हणायला लावले नसते.

म्हणून आज रात्रीच्या कॉलला अभ्यासाचा शब्द काढू नका. जेवलास का, भाजी कसली होती, खोलीत कोण कोण आहेत, एवढंच विचारा. पुढच्या आठवड्यापासून रोजचा कॉल बंद करा. आठवड्यातून दोनदा, त्याला सोयीच्या वेळी आणि त्याने केलेला फोन पुरेसा आहे. तो मेस चुकवतो, दिवसा झोपून राहतो, सणालाही घरी यायला नको म्हणतो आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे असं दिसलं, तर रजा टाकून पुण्याला जा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो त्याच्या फोनमध्ये असू द्या.

आता तुमच्या मूळ हिशेबाकडे येतो, कारण त्यात मोठी चूक आहे. एम.ए. आणि राज्यसेवा ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिल्यातून वाचवलेला प्रत्येक तास दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो, असं तुम्ही धरून चालला आहात. मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ होती तेव्हा ते एक वेळ चाललं असतं. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. भाषेचे दोन पेपर फक्त अर्हतेचे. गुणवत्तेसाठी धरले जातात ते निबंधाचा एक, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, असे प्रत्येकी २५० गुणांचे सात पेपर, म्हणजे १७५० गुण. मुलाखत २७५ गुणांची. यातले ५०० गुण वैकल्पिक विषयाचे आहेत आणि त्या विषयांच्या यादीत भूगोल आहे. सामान्य अध्ययनातही भूगोल येतो. ज्या विभागात तुमचा मुलगा हजेरीपुरता जातो, तिथे भूरूपशास्त्र, हवामान, लोकसंख्या, नकाशावाचन शिकवायला त्या विषयात आयुष्य घातलेली माणसं बसली आहेत. ते सोडून त्याच विषयाच्या तयार नोट्स विकत घेण्यासाठी तुम्ही हप्ते भरणार. शिवाय वर्णनात्मक उत्तर लिहिणं ही कसरत आहे. विभागातले निबंध, चर्चासत्रातली मांडणी, प्रकल्पाचा अहवाल, त्यावर प्राध्यापकांनी लाल शाईने मारलेले शेरे, या सगळ्यातून ती घडते. अभ्यासिकेतल्या खुर्चीवर किती तास बसलो, त्यातून नाही. क्लासचा दुसरा हप्ता भरू नका. पहिलं वर्ष पूर्णपणे विभागाला द्यायला सांगा. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठीही वयाची अट ३८ आहे, एका वर्षाने काही बिघडत नाही. प्राध्यापकपदासाठी लागणाऱ्या नेट आणि सेट या परीक्षा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात देता येतात. त्या त्याच अभ्यासातून निघतील.

जागेचंही असंच. सदाशिव पेठ ते गणेशखिंडीतलं विद्यापीठ हे अंतर पाच-सहा किलोमीटरच आहे, पण मध्ये विद्यापीठ चौक येतो. बसची वाट आणि कोंडी धरली की जाण्या-येण्यात दिवसाचे दोन तास सहज जातात. वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत त्याचं नाव आहे का ते विचारा. नसेल तर पुढच्या यादीसाठी अर्ज कुठे आणि केव्हा करायचा हे त्याने वसतिगृहाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारावं. तिथे जमलं नाही तर औंध किंवा खडकीच्या बाजूला दोघा-तिघांत खोली बघावी. विद्यापीठाच्या ४११ एकरांच्या आवारात राहणारा मुलगा संध्याकाळी सहाचं व्याख्यान ऐकून पायी खोलीवर जातो. पेठेतला मुलगा सहाच्या आधीच बस गाठायच्या घाईत असतो. दोन वर्षांत हा फरक फार मोठा होतो.

‘कमवा व शिका’ला तुम्ही नाही म्हणालात, कारण तुमची ऐपत आहे. ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली आहे. तिच्यात कमीपणा शोधणं तुमच्यासारख्या शिक्षकाला शोभत नाही. जागा असेल आणि जास्त गरजू मुलांचा हक्क डावलला जात नसेल, तर त्याला अर्ज करू द्या. दिवसाचे दोन-तीन तास ग्रंथालयात किंवा एखाद्या विभागाच्या कार्यालयात काम केलं की फाइल कशी फिरते, टिपणी कशी लिहितात, वरिष्ठांशी कसं बोलायचं हे कळतं. उद्या अधिकारी व्हायचं आहे ना त्याला? आणि ट्रेकला जरूर जाऊ द्या. भूगोलाच्या विद्यार्थ्याने सह्याद्रीचे बेसॉल्टचे थर, घाटमाथा आणि कोकणकडा पायाखाली घालायचे नाहीत तर कुणी घालायचे? फक्त भर पावसात, अनुभवी म्होरक्या नसलेल्या गटाबरोबर नाही, ही अट घाला.

यापुढचं मुलासाठी आहे. पत्र त्यालाही वाचायला द्या.

पुण्यात भूगोलाच्या विद्यार्थ्याला जे हाताशी आहे ते राज्यात दुसरीकडे एका जागी मिळणार नाही. शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय आहे. ते १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या इमारतीला आजही शिमला ऑफिस म्हणतात. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था आहे. खडकवासल्याला १९१६ मध्ये स्थापन झालेलं पाणी आणि वीज संशोधन केंद्र आहे, तिथे धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती बांधून प्रयोग करतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय, जमाबंदी आयुक्त, कृषी आयुक्त, सहकार आयुक्त हे सगळे पुण्यातच बसतात. अर्थकारण समजून घ्यायला गोखले संस्था आहे आणि पुरातत्त्व व प्राचीन भूदृश्यासाठी डेक्कन कॉलेज. विद्यापीठाच्या आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. तिथली सार्वजनिक व्याख्यानं फुकट असतात आणि विषय आपला नसला तरी मोठा शास्त्रज्ञ प्रश्नाला कसा भिडतो ते बघायला मिळतं.

यातलं कुणीही तुला बोलावणार नाही, दार तुलाच ठोठवावं लागेल. नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगचे, ४ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. बरीच मुलं जागा शोधायला शेवटच्या महिन्यात निघतात आणि मिळेल तिथून प्रमाणपत्र आणतात. तू दिवाळीच्या आत सुरुवात कर. आधी विभागातल्या एका प्राध्यापकांना भेटून विषय ठरव. मग विभागप्रमुखांचं पत्र घे. सोबत एक पान जोड, त्यात तुला काय येतं आणि त्या कार्यालयात कोणतं काम करायची तयारी आहे हे पाच ओळींत लिही. ‘कोणतंही काम चालेल’ असं लिहू नकोस, असे अर्ज बाजूला पडतात. पत्र प्रत्यक्ष नेऊन दे, आवक क्रमांक घे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. सरकारी कार्यालयात पाठपुरावा केला म्हणून कुणी रागावत नाही.

ओळखींबद्दल नेमकं सांगतो. पहिल्या सत्रात तीन पुरेत. एक प्राध्यापक असे, ज्यांना तू आठवड्यातून एकदा वाचलेल्यातला एखादा खरा प्रश्न विचारशील. दोन वर्षांनी शिफारसपत्र लागेल तेव्हा नुसतं नाव आठवणारे प्राध्यापक चार गुळगुळीत ओळीच लिहू शकतात. एक वरच्या वर्गातला विद्यार्थी, कारण कोणता ऐच्छिक विषय जड जातो, कोणत्या मेसचं जेवण बाधतं, हे सूचनाफलकावर लिहिलेलं नसतं. आणि एक मित्र दुसऱ्या विभागातला. संख्याशास्त्राचा असेल तर सोन्याहून पिवळं, प्रकल्पाच्या वेळी तोच कामाला येईल. उलट चूकही होते. हिंगोली-परभणी-नांदेडचीच मुलं एकत्र राहतात, एकत्र जेवतात आणि दोन वर्षांत पुणं बघतच नाहीत. गावाकडच्या मित्रांचा आधार मोठा असतो, तो सोडू नकोस. पण जेवणाचा एक वेळ तरी दुसऱ्या टेबलावर बस. आणि सुरुवातीलाच नाटक, ट्रेक, वादविवाद, चित्रपट असं चार ठिकाणी नाव घालू नकोस. सहामाहीला चारही सुटतात. एकच धर आणि वर्षभर टिकव.

विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात कार्ड काढलं नसशील तर या आठवड्यातच काढ. तिथे नुसती खुर्ची धरून स्वतःची पुस्तकं वाचणारे पुष्कळ असतात. तू जुने जिल्हा गॅझेटियर, जनगणनेचे खंड आणि विभागातले मागचे प्रबंध बघ.

आता या दोन वर्षांत तू एक वस्तू तुझी म्हणून उभी कर. सुचवतो, पटलं तर घे. तुमच्याकडे वसमतची हळद प्रसिद्ध आहे, जिल्हाभर तिची लागवड होते. तिचं क्षेत्र उपग्रहाच्या चित्रांवरून मोजता येतं का? सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर स्पष्टतेची चित्रं फुकट मिळतात, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. जून ते सप्टेंबर ढगांमुळे चित्रं फारशी कामाची नसतात. सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघतं, हळद मात्र नऊ महिन्यांची, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरच्या चित्रात ती हिरवी दिसते. अडचण पुढेच आहे. ऊस, केळी, कापूस आणि तूरही तेव्हा हिरवीच असतात. संगणक या सगळ्यांना हळद म्हणेल आणि क्षेत्र भलतंच फुगेल. म्हणून शेतावर जाऊन खात्री करावी लागते. प्रत्येक पिकाची निदान ३०-४० शेतं, फोनवर अक्षांश-रेखांश, पिकाचं नाव, पेरणीची तारीख आणि एक फोटो. बांधावर उभं राहून नोंद घेऊ नकोस, शेताच्या मध्यावर जा. दहा मीटरच्या चौकटीत बांधावर शेजाऱ्याचं पीकही येतं. निम्म्या नोंदी नकाशा करायला वापर आणि निम्म्या तपासायला बाजूला ठेव. त्याच नोंदींवर शिकवून त्याच नोंदींवर तपासलं, तर अचूकता खोटी येते. पहिल्याच सादरीकरणात परीक्षक नेमकं हेच विचारतात.

एवढं केलंस तर एम.ए.चा प्रकल्प होतो. राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत पदव्युत्तर गटात मांडता येतं, आणि भूजल किंवा कृषी खात्यात कामाला पत्र न्यायचं तर दाखवायला नकाशा असतो. राज्यसेवेच्या मुलाखतीत ‘तुमच्या जिल्ह्याबद्दल सांगा’ म्हटलं तर पाठ केलेलं सांगावं लागत नाही. जीआयएसची, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळायची, नोकरी करायची झाली तरी हेच दाखवायचं असतं.

गुरुजी, पुन्हा तुमच्याशी. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी येईल, आणि शेतावरच्या नोंदी नेमक्या त्याच दिवसांत घ्याव्या लागतात. वसमत, कळमनुरी, औंढा या भागातल्या वाड्या-वस्त्या तुम्हाला माहीत असतील, कोणत्या शेतात काय उभं आहे हे विचारायला तुमचे जुने विद्यार्थी तिथे असतील. अनोळखी पोरगा फोन घेऊन शेतात शिरला तर लोक बिचकतात, गुरुजी बरोबर असले तर चहा देतात. चार दिवस गाडी काढा आणि त्याच्याबरोबर जा. वाटेत परीक्षेचं काही विचारू नका. बोलायला लागला तर ऐका.